ताबा म्हणजे नेमका किती ताबा?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरांच्या ताब्याचे आदेश आणि न्यायव्यवस्थेची आकडेवारी'. आकड्यांकडे येणारच आहे. पण मोजायचं काय हे ठरल्याशिवाय मोजणी सुरू करता येत नाही, म्हणून आधी एका शब्दाकडे बघू. तो शब्द म्हणजे 'ताबा'.

मराठी पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात चौकटी असतात. वर 'कब्जा सूचना', खाली 'ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार' अशी सुरुवात, मग फ्लॅट नंबर, मजला, सोसायटीचं नाव, चौरस फूट, थकीत रक्कम. शेवटी सर्वसामान्य जनतेला इशारा, की या मालमत्तेचा व्यवहार करू नये. 'सांकेतिक ताबा' हे शब्द कुठेतरी मध्ये असतात आणि कधीकधी तेही नसतात. तोच कागद दारावर चिकटवलेला असतो. सोसायटीत बोलणं सुरू होतं की अमक्यांचं घर गेलं. खरं तर त्या सकाळी किल्ली त्यांच्याच खिशात असते आणि गॅसवर दूध त्यांचंच तापत असतं. कागदावर ताबा बँकेचा, घरात कुटुंब. आपल्याकडच्या आकडेवारीचा सगळा गोंधळ या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

कायदा २००२ चा, सगळे ज्याला सरफेसी म्हणतात तो, बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्तेवर वसुली करू देणारा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते आणि ६० दिवसांची मुदत मिळते. या ६० दिवसांत कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. २००४ च्या मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हरकतीचा विचार करणं बँकेवर बंधनकारक ठरवलं, त्यातून ही तरतूद आली. गैरसमज असा की या नोटिशीविरुद्ध लगेच डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. तसं नाही. त्या टप्प्यावर फक्त हरकतीचं पत्र. ते पोच घेऊन द्या आणि रक्कम कुठे चुकली ते आकड्यात लिहा. 'माणुसकीने विचार व्हावा' एवढ्याने भागत नाही.

इथेच एक चूक वारंवार होते. कर्ज घेताना माणूस भाड्याच्या खोलीत राहत असतो आणि अर्जावर तोच पत्ता असतो. घराची किल्ली मिळते, बिऱ्हाड नव्या फ्लॅटमध्ये जातं, पण बँकेत पत्ता बदलायचं राहून जातं. नोटीस जुन्या खोलीवर जाते आणि 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत येते. मग बँक दारावर चिकटवते, पेपरात छापते आणि कायद्याच्या दृष्टीने ती पोचली असं धरलं जाऊ शकतं. ६० दिवसांतले चाळीस कुटुंबाला कळायच्या आधीच गेलेले असतात. कर्ज चालू आहे त्यांनी उद्याच शाखेत जाऊन पत्ता बदलून घ्या आणि शिक्क्याची पोच मागा. जामीनदारांनीही, कारण नोटीस त्यांनाही असते.

६० दिवस संपले की कलम १३(४). या टप्प्यावर सांकेतिक ताबा घेतला जातो आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत तो छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मघाची चौकट ती हीच. लक्षात घ्या, इथपर्यंत एकाही न्यायालयाने, एकाही दंडाधिकाऱ्याने कागदाला हात लावलेला नाही. बँकेचा प्राधिकृत अधिकारी आणि डिंक, एवढ्यावर काम झालेलं आहे. पण डीआरटीत जाण्याचे ४५ दिवस मात्र इथून सुरू होतात. सांकेतिक ताबा हा खरा ताबा नव्हे, म्हणून अर्ज करता येणार नाही, असा युक्तिवाद बँका पूर्वी करायच्या. २०१८ च्या हिंडन फोर्जच्या निकालाने तो संपवला. सांकेतिक ताब्यावरही कलम १७ चा, म्हणजे डीआरटीतला, अर्ज चालतो. तेव्हा 'अजून कुठे घर गेलंय' म्हणत बसणाऱ्यांचे दिवस फुकट जातात, आणि 'घर गेलंच' म्हणून सामान बांधणारे उगाच लवकर निघून जातात. एकाच शब्दाने दोघांचंही नुकसान केलेलं आहे.

प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४. सहसा इथे पहिल्यांदा सरकारी शिक्का लागतो. मुंबईत अर्ज किल्ला कोर्टातल्या मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे जातो, जिल्ह्यांत कलेक्टरकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने. बँकेला नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: येणं किती, तारण कोणतं, नोटीस कधी दिली, हरकतीला उत्तर दिलं का, वगैरे. आदेश ३० दिवसांत व्हावा, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत, असं कायद्यात आहे. पण ही मुदत पाळली गेली नाही म्हणून आदेश रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. शिवाय दंडाधिकारी हप्त्यांचा वाद ऐकत नाहीत. ते कागद पुरे आहेत का एवढंच पाहतात. 'साहेबांसमोर बाजू मांडू' म्हणून तिथे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. बाजू मांडायची जागा डीआरटी.

कलेक्टरचा आदेश झाला की फाईल तहसीलदारांकडे येते, मग तारीख, मंडळ अधिकारी, पोलीस बंदोबस्त. सण किंवा निवडणूक आली की बंदोबस्त मिळत नाही आणि तारीख पुढे जाते. मुंबईकडे ताबा घ्यायला वकील आयुक्त, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या वतीने जाणारे वकील, नेमतात. ते योग्य की अयोग्य हा वाद आपल्या उच्च न्यायालयातून वर गेला आणि २०२२ मध्ये नेमता येतात असं ठरलं. त्या दिवशी घरातल्या वस्तूंची यादी होते, पंचनामा होतो, कुलूप बदलतं, सील लागतं. घरच्यांनी औषधं, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, ओळखपत्रं, चष्मे आधी बाहेर काढावेत. सील लागल्यावर एका गोळ्यांच्या पाकिटासाठीही अर्ज करावा लागतो.

आणि लिलाव. विक्रीची ३० दिवसांची नोटीस, राखीव किंमत, 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत सगळी रक्कम भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो आणि २०२३ च्या बाफना मोटर्सच्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. नातेवाइकांकडून पैसे गोळा करणाऱ्यांनी ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. येणं आणि खर्च वजा जाता लिलावात उरलेले पैसे हक्कदाराला परत मिळायला हवेत, कलम १३(७). बँक आपण होऊन बोलावील याची वाट पाहू नका, लेखी हिशेब मागा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ताच वेगळा: सहकार कायद्याचं कलम १०१, निबंधकांचा वसुली दाखला, मग नियम १०७ खाली जप्ती. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२० मध्ये ते ठरवलं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आता आकडे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये गहाण घर हवं असेल तर सावकार कोर्टात जातो. न्याय मंत्रालय दर तिमाहीला चार टप्पे वेगवेगळे मोजतं: दावे, आदेश, वॉरंट आणि बेलिफने, म्हणजे कोर्टाच्या अंमलदाराने, प्रत्यक्ष घेतलेली घरं. आदेशांतही थेट ताब्याचे आणि हप्ते भरत राहिल्यास स्थगित राहणारे असे दोन गट. चारही आकडे एकमेकांपेक्षा खूप वेगळे निघतात, कारण वाटेत अनेक कुटुंबं सावरतात. किल्ल्या स्वतःहून परत देणारे त्यात येत नाहीत, ही त्या मोजणीची मर्यादा. तरी घर कुठल्या टप्प्यावर वाचतं ते कळतं.

आपल्याकडे न्यायालयाचे आदेश मोजले तरी ते एनपीए, मागणी नोटीस आणि सांकेतिक ताबा यांच्या नंतरच्या चौथ्या पायरीचे. त्यातही कलेक्टरचे आदेश राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे कोर्टांतल्या प्रकरणांच्या ऑनलाइन नोंदीत, येत नाहीत, कारण ते कोर्ट नव्हे. डीआरटी त्या ग्रिडवर नाही. निबंधकांचे दाखले तिसरीकडेच. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात सरफेसीची एक ओळ असते: प्रकरणं, गुंतलेली रक्कम, वसूल रक्कम. तिथे कारखाना आणि वन बीएचके एकाच ओळीत. शिवाय यंदाची वसुली मागच्या वर्षांच्या प्रकरणांतलीही असू शकते, हे तळटीपेतच लिहिलेलं असतं. त्यामुळे वसुलीचे टक्के काढून कायदा चालतो की नाही ठरवणारे लेख वाचताना तळटीप आधी वाचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ताब्यातल्या मालमत्तांची यादी वेबसाइटवर टाकायला आणि दरमहा अद्ययावत ठेवायला सांगितलं. त्या नमुन्यात कर्जदाराचं नाव आहे, पत्ता आहे, येणं आहे. ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, याला वेगळा रकाना नाही. माणसाचं नाव जगजाहीर होतं आणि तो घरात आहे की रस्त्यावर, हे मात्र कळत नाही. मला हे फार लागतं.

मागणी एवढीच. गहाणाची नोंद सेरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीकडे, आहे, २०२० पासून त्या नोंदीशिवाय सरफेसी वापरताच येत नाही, आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे. त्याच क्रमांकापुढे मागणी नोटीस, सांकेतिक ताबा, कलम १४ चा आदेश, प्रत्यक्ष ताबा, विक्री आणि कर्जदाराला परत, अशा सहा तारखा भराव्यात, राहतं घर की धंद्याची जागा हे लिहावं, आणि नावं वगळून जिल्हावार बेरीज दर तिमाहीला जाहीर करावी. सगळ्या तारखा बँकेच्या फायलीत आधीच आहेत.

प्रश्नांसाठी थांबतोय. कागद घेऊन आलेल्यांनी मागणी नोटिशीची आणि ताबा नोटिशीची अशा दोन्ही तारखा वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ४५ दिवस दुसरीपासून मोजायचे आहेत.