दाभोळीची सकाळ आणि विमानतळाचा गेम

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'विमानतळ चालवण्याचा कॉम्प्युटर गेम कसा निवडावा'. नावं शेवटी सांगतो. आधी एक कसोटी मांडतो, कारण ती एकदा हाती आली की निवडीचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. कसोटी आपल्या गोव्यातलीच आहे. तिला मी दाभोळीची सकाळ म्हणतो.

दाभोळी म्हणजे आपला जुना विमानतळ, त्याचं तुम्हाला काय सांगायचं! धावपट्टी एक, आणि तीही नौदलाच्या हंसा तळाची. प्रवासी विमानतळ तिथे भाडेकरूसारखा राहतो. वर्षानुवर्षं आठवड्याचे पाच दिवस सकाळचे काही तास ती धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेली असे. म्हणजे विमानं एकतर पहाटे, नाहीतर दुपारनंतर. त्यात ऑक्टोबरपासून चार्टरचा, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्याने घेतलेल्या विमानांचा हंगाम. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या मानशीसारखा, पाण्याच्या दारासारखा प्रकार: भरतीला दार बंद, आणि ओहोटीला ते उघडलं की आतलं साचलेलं पाणी एकदम धावतं. मोपाचं नवं विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झालं आणि गोव्याला दुसरं दार मिळालं, ती गोष्ट वेगळी.

तर कसोटी अशी. कुठलाही गेम विकत घेण्याआधी विचारा, यात दाभोळी उभी करता येईल का? एक धावपट्टी, सकाळी चार तास वाहतूक शून्य, मोजके स्टँड (विमान उभं करायच्या जागा), आणि दुपारी एक वाजता सगळी विमानं एकदम. असं मांडल्यावर गेम तुम्हाला काही अडचण दाखवतो का? रांगा लागतात का, विमान उशिरा निघतं का, त्या उशिराचा धक्का संध्याकाळच्या विमानापर्यंत पोचतो का? पोचत असेल तर तो गेम विमानतळाचा. नसेल तर ते नुसतं रंगीत बांधकाम. सुंदर असेल, पण आपल्या कामाचं नाही.

थोडं गणित करू. कागद नको, बोटांवर होतं. धावपट्टीवर दर दोन मिनिटांना एक हालचाल धरा. तासाला तीस. पंधरा विमानं उतरली, पंधरा उडाली. प्रत्येक विमान स्टँडवर 45 मिनिटं उभं राहतं, येण्याजाण्याची आणि उशिराची 15 मिनिटं वर धरा. म्हणजे एक स्टँड तासाला एकच विमान काढतो, आणि धावपट्टी पुरती वापरायची तर पंधरा स्टँड हवेत. तुमच्याकडे दहाच आहेत. मग तासाला दहाच विमानं येणार आणि धावपट्टी एक तृतीयांश वेळ रिकामी पडून राहणार. आकाशात मात्र विमानं घिरट्या घालताना दिसतात, म्हणून नवा खेळाडू काय करतो? दुसरी धावपट्टी बांधतो. पैसे संपतात, रांग तशीच. आता हेच 45 मिनिटांचं काम 25 मिनिटांत बसवा. विमान साठाऐवजी चाळीस मिनिटांत स्टँड सोडतं आणि त्याच दहा स्टँडवरून तासाला पंधरा विमानं निघतात. वीस मिनिटं वाचवली, पाच स्टँड फुकट मिळाले. या गेमांचं सगळं मर्म या एका हिशेबात आहे.

ही वीस मिनिटं वाचतात कुठे, हे बघायचं असेल तर रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर दहा मिनिटं उभे राहा. फळी खाली येते. पायी माणसं आणि दुचाक्या सुटतात, मागून गाड्या. शेवटची गाडी उतरेपर्यंत चढणारी पहिली गाडी जागची हलू शकत नाही. पण तेवढ्यात इकडची रांग नीट लागलेली असेल, पहिल्या गाडीचं इंजिन सुरू असेल, तर फेरी वेळेत सुटते. विमानाचंही अगदी तसंच. माणसं उतरल्याशिवाय सफाई नाही, सफाई झाल्याशिवाय चढणं नाही. ही एक साखळी. बॅगा काढणं-भरणं ही दुसरी, इंधन ही तिसरी, आणि या तिन्ही साखळ्या एकाच वेळी चालतात. जी सगळ्यात लांब, तीच विमानाला अडवते. सफाईला माणसं कमी असतील तर इंधनाचे दहा ट्रक घेऊन एक मिनिटही वाचत नाही. म्हणून गेममध्ये उभ्या विमानावर क्लिक करा आणि कुठलं काम बाकी आहे ते दिसतं का बघा.

गोव्याची स्वतःची एक विमान कंपनी होती, हे इथल्या तरुण मंडळींना माहीत आहे का? पोर्तुगीज काळातली, टीएआयपी नावाची. 1955 ते 1961. भारताच्या नाकेबंदीमुळे रेल्वे आणि जमिनीवरचा रस्ता अडलेला, तेव्हा दाभोळीचा तळ उभा राहिला आणि त्यावरून दमण, दीव आणि कराची अशी विमानं सुरू झाली. प्रवासी कुठे जास्त मिळतील, हा विचारच नव्हता. कुठे उतरता येईल, हा प्रश्न. म्हणून सुरुवातीला हेरॉन नावाचं चार इंजिनांचं छोटं विमान. पंधरा-सतरा माणसं बसायची, पण लहान धावपट्टीवर ते आरामात उतरायचं. आणि मग 18 डिसेंबर 1961. भारतीय हवाई दलाने दाभोळीची धावपट्टी बॉम्ब टाकून फोडली. तिथे दोन मोठी प्रवासी विमानं अडकली होती. रात्री घाईघाईने डागडुजी करून, जेवढी लांबी वापरता आली तेवढ्यात ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. राजकारण बाजूला ठेवा आणि फक्त हिशेब बघा: धावपट्टीची लांबी, विमानाचं वजन, इंधन किती भरायचं. विमान कंपनीच्या गेममध्ये हा हिशेब नसेल, कुठलंही विमान कुठेही उतरत असेल, तर मार्ग निवडण्यात रस तो काय राहिला?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर नावं भराभर सांगतो.

विमानतळ बांधायचा असेल तर एअरपोर्ट सीईओ. स्वीडनमधल्या छोट्या चमूचा गेम, 2017 मध्ये अपुऱ्या रूपात विक्रीला आला, 2021 मध्ये पूर्ण झाला. वरून बघायचा, सपाट चित्रांचा. दिसायला साधा, पण आपल्या कसोटीला उतरणारा: कुठलं विमान कुठल्या स्टँडवर किती वाजता, हे वेळापत्रकाच्या पट्टीवर तुम्ही स्वतः ठेवता, त्यामुळे सकाळ कोरी ठेवून दाभोळी मांडता येते. बॅगांची तपासणी तीन टप्प्यांची. पहिल्यात अडलेली बॅग दुसऱ्याकडे, तिथे अडलेली तिसऱ्याकडे. तिथेच लोक फसतात: अडलेल्या बॅगेची वाट जोडायची राहून जाते, एक बॅग तोंडाशी थांबते, मागचा पट्टा तुंबतो आणि बॅगा न पोचल्यामुळे विमान उभंच राहतं. म्हणून आधी छोटी खाजगी विमानं, मग एक मध्यम स्टँड. इंधन, सफाई, बॅगा एकेक करून सुरू करा.

टर्मिनलमधल्या माणसांच्या रांगांची आवड असेल तर सिमएअरपोर्ट. पंधरा विमानं, प्रत्येकी 180 प्रवासी, म्हणजे तासाला 2,700 माणसं. तपासणीच्या एका रांगेतून तासाला 150 गेली तर अठरा रांगा लागतील. हा हिशेब तिथे डोळ्यांसमोर घडतो.

विमान कंपनी चालवायची असेल तर एअरलाइनसिम. ब्राउझरमध्ये चालतो आणि खऱ्या वेळेने चालतो. आज लावलेलं विमान आजच्याच घड्याळाने उडतं, सोबत इतर खेळाडू असतात आणि विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, मर्यादित. उतावळ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. जुन्यातला, कोएई या जपानी कंपनीचा एरोबिझ, 1992 सालचा. त्यातही शहराशी बोलणी करून स्लॉट मिळवल्याशिवाय विमान हलत नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांना हे कळलं होतं, आणि आजचे कितीतरी मोबाइल गेम स्लॉट हा शब्दही काढत नाहीत.

पैसे खर्च करायचे नसतील तर ओपनटीटीडी, वाहतूक कंपनी चालवण्याचा गेम. पूर्ण फुकट, जुन्या लॅपटॉपवरही पळतो. त्यात छोट्या विमानतळावर मोठं जेट उतरवलंत तर कोसळण्याची शक्यता खूप वाढते, आणि एका विमानतळावर विमानं जास्त पाठवली की ती वर घिरट्या घालत राहतात. मुलांना धावपट्टी म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

एक शेवटचं. एअरपोर्ट सीईओ आणि सिमएअरपोर्ट या दोन्हींत प्रत्येक प्रवासी वेगळा मोजला जातो. टर्मिनल वाढलं की कॉम्प्युटर धापा टाकतो, म्हणून नकाशा मोठा करण्याआधी आहे त्या स्टँडची मिनिटं कमी करा. आणि बॅगांच्या पट्ट्याला हात लावण्याआधी गेम वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.