पाच मिनिटांचं काम

(दृश्य : बांधावर धानाचे पुंजणे, मागे धुकं)

धान कापून झालं, पुंजणे लागले, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. गावात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक लागतंच. नट परशुराम खुणे यांना २०२३ साली ज्या रंगभूमीवरच्या कामासाठी पद्मश्रीनं गौरवलं, ती हीच. तिच्या नाटकांचं बुकिंग होतं वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात.

(दृश्य : माऊसवरचा हात, जवळून)

हा हात वीस वर्षं नाटकांची पोस्टरं करतोय. आधी कलाकाराचा फोटो. व्हॉट्सॲपवर आलेला, मागे कुणाच्या तरी अंगणातली दोरी, दोरीवर लुगडी. कानाच्या पाळीपासून सुरुवात करायची आणि केसांच्या कडेनं एकेक टिंब ठेवत खांद्यापर्यंत उतरायचं. याला दुकानात 'कटिंग' म्हणतात. एका पोस्टरवर असे बारा-पंधरा चेहरे. मग नाटकाचं नाव : अक्षराचे कोपरे ओढून तो त्याला ज्वाळा लावतो, रडवणारं नाटक असलं तर थेंब. एका पोस्टरला अख्खा दिवस जायचा.

(दृश्य : काउंटरवर मंडळाचा पोरगा, हातात मोबाइल)

२०२२ पासून चित्र काढून देणारी एआय साधनं कुणालाही वापरता येऊ लागली. आता गिऱ्हाईक चित्र घेऊनच येतं.

"भाऊ, एआयनं बनवलं हे. फक्त नावं टाकून दे ना गा. पाच मिनिटाचं काम हाये."

ते पाच मिनिटांचं काम आम्ही सलग चित्रित केलं. नायिकेच्या हाताला सहा बोटं. 'स्त्री' शब्दातला 'स्त्र' फुटलेला, कारण हे साधन अक्षर टाइप करत नाही, अक्षरासारखा आकार रंगवतं. आणि चेहरा? गोरा झालाय, नाक सरळ झालंय. गावोगावची माणसं जिला बघायला येतात, ती ही नव्हेच. तो तिचा मूळ फोटो शोधतो आणि पुन्हा कानाच्या पाळीपासून सुरुवात करतो.

अडीच तास लागले. चित्र दहा सेकंदांत येतं म्हणून पोस्टरही दहा मिनिटांत हवं, असा सगळ्यांचा हिशेब बसलाय. त्यात दुरुस्ती कुणी धरत नाही. ती धरायलाच हवी, आणि तिचे पैसेही.

(दृश्य : माडी, लॅपटॉप)

माडीवर त्याचा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. २०२१ साली आलेलं कोपायलट हे एआय साधन कोडच्या पुढच्या ओळी सुचवायचं. आता अशी साधनं अख्खी फाइल लिहून देतात. ती वाचायची, चालवून बघायची ती त्यानंच, आणि चुकली तर नावही त्याचंच. आठवड्याची कामं मात्र वाढली.

कटिंगला दुकानात दोन पोरं होती, या हंगामात नाहीत. दरही उतरलेत.

(दृश्य : फ्लेक्सचं मशीन)

आधी गाव, तारीख, तिकिटाचा दर. मग पदर, मग हात, पाच बोटांचा. मग चेहरा, तिचाच.

पिकअप सातला निघते.