कोंबडी म्हणजे शेळी नव्हे

(कुक्कुटपालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित रूप)

मला दिलेला विषय आहे 'ब्रॉयलरच्या (म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या) खाद्यात झाडपाला'. संयोजकांनी चाळीस मिनिटं दिली होती. सत्कारात पंधरा गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

2021 साल आठवा. सोयापेंड, म्हणजे कोंबडीच्या खाद्यातली प्रथिनांची मुख्य बाजू, अशी भडकली की सरकारला ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. तेव्हापासून दर आठवड्याला मला एक तरी फोन येतो, "सर, बांधावर सुबाभूळ माजलीय, कोंबड्यांना घालू का?" मी चिडत नाही, कारण हा उद्योग आधी मी केलाय.

दोनशे पिल्लांची बॅच होती, घरचीच. सुबाभूळ फुकटची. सुरुवातीला पाल्याच्या जुड्या शेडमध्ये टांगल्या. पिल्लं उड्या मारून टोचायची, बघायला मोठी मौज. मग मला शास्त्र सुचलं. पाला वाळवला, गिरणीत दळला (गिरणीवाला अजून मला तोंडावर बोलतो, चार दिवस लोकांची पिठं हिरवी निघत होती) आणि खाद्यात दर शंभर किलोला पंधरा किलो मिसळला. सहाव्या आठवड्यात व्यापारी आला. एक पक्षी पायाला धरून उचलला, काट्यावर टाकला. एक किलो दोनशे. म्हणाला, "मास्तर, पाय गावरान आणि अंग कबुतराचं!" किलोमागे चार रुपये पाडून माल घेऊन गेला. रविवारी बाजारात गेलो तर पठ्ठ्या तेच पक्षी गावरान म्हणून विकतोय, दीडपट दरानं! पिवळेधमक पाय बघून गिऱ्हाईक रांगेत. आमच्या शेजारच्या काकूंनीही एक घेतली आणि "चवच वेगळी" म्हणून मला वाटीभर रस्सा पाठवला.

तर पिवळे पाय हे पाल्यातल्या झँथोफिल या पिवळ्या रंगद्रव्याचं काम. पाय पिवळे म्हणून पक्षी गावरान ठरत नाही. आणि वजन का मारलं? सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. शेळीच्या पोटात ते फोडणारे जिवाणू असतात, कोंबडीकडे ते नाहीत. घोड्याला भरपूर घातली तर शेपटीचे केस झडतात. कोंबडी म्हणजे दोन पायांची शेळी नव्हे, हे पाटीवर लिहून शेडला लावा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, पळतो.

शेवगा घ्या. वाळल्या पाल्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, पेंडीत पंचेचाळीस. म्हणजे पाला पेंडीची जागा घेत नाही. शिवाय फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, किलोमागे 3200 किलोकॅलरी ऊर्जा लागते, तंतू पाच टक्क्यांच्या आत हवेत. पाल्यानं ऊर्जा घटते, तंतू वाढतात. म्हणून पहिले तीन आठवडे अजिबात नाही, पुढे दोन टक्क्यांपासून सुरुवात, आणि पाचाच्या वर माझ्या जबाबदारीवर जाऊ नका. काड्या काढून टाका, तंतू तिथंच जास्त असतात. सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो आणि कॅरोटीनही जातं. पाला हातात चुरचुरला पाहिजे. दमट राहिला तर बुरशी धरते, आणि मग यकृताचं बघायलाच नको.

हिशोब सांगतो, लिहून घ्या. हजार पक्षी शेवटच्या तीन आठवड्यांत साधारण अडीच टन खातात. पाच टक्के म्हणजे सव्वाशे किलो भुकटी. त्यासाठी ओला पाला, काड्या सोडून, पाचेकशे किलो तरी. तो खुडायला मजूर लावलात तर फुकटचा पाला पेंडीपेक्षा महाग पडतो. घरचं झाड, घरचे हात, दीड-दोनशे पक्षी आणि पिवळ्या पायाला दोन रुपये जास्त देणारं गिऱ्हाईक, एवढं जुळलं तर करा. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांनी तर नादच सोडा. खाद्य कंपनीचं, एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं ते) कंपनी मोजणार, वजन घटलं तर कापणार तुमचं.

हो हो, उठतोच आहे. टेबलावर भुकटीच्या दोन पिशव्या आहेत, वास घेऊन जा. एकीला सुक्या गवताचा वास येईल. दुसरी कुबट आहे, ती मी मागच्या पावसाळ्यात वाळवलेली.