न ऐकू येणारा आवाज आणि रातांब्याचा रंग

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या आवाजाबद्दल बोलायचंय, तो तुम्हाला ऐकवता येणार नाही. त्यात रेडिओ केंद्राचा काही दोष नाही. एफएमवरून सेकंदाला 15 हजार कंपनांपर्यंतचा आवाज जातो. आपला कान तरुणपणी फार तर 20 हजारांपर्यंत ऐकतो. आजचा आवाज त्याच्याही पुढे सुरू होतो. त्याला अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीमुळे हा शब्द घरोघरी पोचलाय, पण सोनोग्राफीतली कंपनं सेकंदाला लाखोंनी मोजायची. आपल्याला हवी आहेत ती जरा दांडगी, 20 ते 40 हजारांच्या आसपासची. चष्म्याच्या दुकानात तुमचा चष्मा एका छोट्या स्टीलच्या टबात बुडवतात ना, त्यातली. तिथे चर्रर्र असं ऐकू येतं, पण ते बुडबुड्यांचं. त्या बुडबुड्यांकडे येतोच.

आधी कोकणात जाऊ. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की ते फोडायचे, बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. साखर सालीतलं पाणी ओढून घेते, पाण्याबरोबर आंबटपणा येतो आणि तो सुंदर लाल रंगही. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. ती अँटिऑक्सिडंट असतात, म्हणजे स्वतः झिजून दुसऱ्याचं गंजणं थांबवणारी. बरणीतलं सरबत काढून घेतलं, तरी उरलेली साल लालच दिसते. याचा अर्थ उघड आहे: रंग अजून आत आहे, पेशींच्या भिंतीमागे.

ती भिंत अल्ट्रासाउंड फोडतो. लहर पाण्यातून जाताना पाण्याला क्षणात ताणते, क्षणात दाबते. ताणलं की बारीक बुडबुडा जन्मतो, थोडा वाढतो आणि दाब आला की आतल्या आत कोसळतो. कोसळताना त्याच्या पोटात काही हजार अंश तापमान आणि शेकडो वातावरणांइतका दाब तयार होतो, तोही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळापुरता. बुडबुडा इतका लहान, की भांडं मात्र जेमतेम कोमट. या कोसळण्याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं, तेव्हा काळजी होती जहाजांच्या पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांची. सालीजवळचा बुडबुडा सरळ कोसळत नाही, एका बाजूने आत घुसतो आणि सालीवर पाण्याची बारीक पिचकारी मारतो. या पिचकारीचा जोर पाहायचा असेल तर अशा टबात स्वयंपाकातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद मिनिटभर धरावा. त्याची चाळणी होते.

मग जोर वाढवला, वेळ वाढवला, पाणी तापवलं की झालं? चहा करणाऱ्या माणसाला असंच वाटणार. पण पाणी तापलं की बुडबुड्यात वाफ भरते आणि ती उशीसारखी मध्ये येते. कोसळण्याचा जोरच मवाळ होतो. शिवाय अँथोसायनिनला उष्णता सोसत नाही. वेळ फार दिला तर आणखी गंमत. बुडबुड्याच्या त्या भट्टीत पाण्याचेच तुकडे होतात आणि मुक्तमूलकं, म्हणजे दिसेल त्याला गंजवणारे आक्रमक कण, तयार होतात. म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांच्याशी लढायला बाहेर काढायचं, ते शत्रू आपणच भांड्यात सोडतो आणि अर्क तिथेच खर्ची पडतो.

द्रावकाचं, म्हणजे ज्यात अर्क उतरवायचा त्या द्रवाचंही तसंच. नुसतं पाणी कमी पडतं, नुसता अल्कोहोलही कमी पडतो, बहुतेक वनस्पतींना दोघांचं मिश्रण मानवतं. कोकमात तर दोन धनी आहेत. लाल रंग पाण्याकडे ओढ घेतो, तर सालीतलंच गार्सिनॉल हे फिकट पिवळं द्रव्य पाण्यात विरघळायलाच तयार नाही, त्याला अल्कोहोल हवा. म्हणून ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारतो, काढायचंय काय?

आता तापमान, वेळ, अल्कोहोलचं प्रमाण आणि लहरींचा जोर अशी चार बटणं झाली. एकेक बटण वेगळं फिरवून पाहायची सवय आपल्याला असते आणि तीच फसवते. मोठ्या आचेवर भाताचं पाणी ठरवलं आणि नंतर आच कमी केली, तर पाण्याचा हिशेब चुकतोच. प्रत्येक बटणाच्या तीन जागा धरून सगळ्या जोड्या करायच्या तर 81 प्रयोग होतात. जॉर्ज बॉक्स आणि डोनाल्ड बेन्केन यांनी 1960 मध्ये दिलेल्या आराखड्यात 27 प्रयोगांत काम भागतं, त्यात मधल्या जागेची उजळणीही येते. त्या आकड्यांवरून, अर्क जितका चांगला तितकी उंची जास्त, अशा डोंगराचा नकाशा काढायचा आणि माथा शोधायचा. माझं म्हणणं एवढंच, की हा माथा पुष्कळदा सुळका नसतो, कोकणातल्या सड्यासारखा, म्हणजे कातळाच्या पठारासारखा, सपाट असतो. तिथे तापमान दोन दशांश स्थळांपर्यंत सांगण्यात हशील नाही. सड्याच्या ज्या कडेला वीज आणि अल्कोहोल कमी लागतो, तिथे उभं राहावं.

माथा मोजायचा कशाने, हाही प्रश्न आहेच. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण अर्कामुळे पिवळं पडतं, ते किती पडलं यावरून ताकद ठरवतात. ही परीक्षानळीतली ताकद, शरीरातली नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशाच एका अँटिऑक्सिडंट मापाची यादी 2012 मध्ये मागे घेतली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत मिरवू लागल्या होत्या.

राहिला कारखाना. लहर सोडणाऱ्या दांड्याचा जोर त्याच्या टोकाशी, फार दूर पोचत नाही. लिटरभर भांड्यात झकास चालतं, हजार लिटरच्या टाकीत नाही. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत अनिरुद्ध पंडित यांनी अनेक वर्षं या बुडबुड्यांवर काम केलंय. त्यातली एक वाट अशी, की लहर नकोच. पंपाने द्रव भोकं पाडलेल्या चकतीतून जोरात ढकलायचा, अरुंद वाटेत दाब घटला की तेच बुडबुडे जन्मतात. मग भोकं किती, केवढी, पंपाचा दाब किती, द्रव किती वेळा फिरवायचा? पुन्हा चार बटणं, आणि तीही एकमेकांत गुंतलेलीच.

नमस्कार.