युरेनियमचे असमान तुकडे

(लघुमाहितीपट: निवेदन)

[दृश्य: रुग्णालयाचं तळघर. पहाटेचा रिकामा कॉरिडॉर. पिवळ्या त्रिपत्री चिन्हाचं दार उघडतं.]

सकाळचे पावणेसात. पुण्यातलं एक रुग्णालय. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पेशंट यायला अजून वेळ आहे, पण हॉट लॅबमधलं, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्यं हाताळायच्या खोलीतलं, काम सुरू झालंय.

शिशाच्या विटांमागे ठेवलाय तो टेक्नेशियम जनरेटर. आत ॲल्युमिनाचा बोटभर स्तंभ, आणि ॲल्युमिनाला चिकटून बसलेलं मॉलिब्डेनम-९९. त्याचं टेक्नेशियम होत राहतं, रात्रंदिवस. टेक्निशियन एका बाजूला सलाइनची कुपी लावतो आणि दुसऱ्या बाजूला हवा काढून टाकलेली रिकामी कुपी. निर्वात कुपी सलाइन ओढून घेते. स्तंभातून झिरपताना ते टेक्नेशियम तेवढं सोबत आणतं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. विभागात याला सगळे 'मिल्किंग' म्हणतात.

[दृश्य: क्लोज-अप. शिशाच्या आवरणातली कुपी भरताना. मग मीटरवरचे आकडे.]

दिसायला साधं पाणी. पण मीटर बघा.

याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तासांचा. सकाळी सातला काढलं, तर संध्याकाळी सातला पावच उरतं. त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही, रोज ताजं काढायचं. मॉलिब्डेनम जरा दमाचं, त्याचा अर्धायुकाल ६६ तास. म्हणून एक जनरेटर आठवडाभर पुरतो आणि मग नवा मागवावा लागतो.

[दृश्य: इंजेक्शनची खोली. आजींचा हात. "आजी, मूठ सोडा आता. झालं. भरपूर पाणी प्या, दोन-अडीच तासांनी बोलावते."]

[दृश्य: गॅमा कॅमेरा. पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटत जाणारा हाडांचा सांगाडा. निवेदन नाही, २० सेकंद.]

जिथे हाड नव्यानं घडतंय तिथे टेक्नेशियम जोडलेलं औषध जास्त जमतं, आणि तिथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. रिपोर्ट डॉक्टर सांगतील. आपण जरा मागे जाऊ, हे मॉलिब्डेनम येतं कुठून तिथे.

[दृश्य: जगाचा नकाशा. मोजके ठिपके.]

नेदरलँड्समधलं पेटन, बेल्जियममधलं मोल, दक्षिण आफ्रिकेतलं पेलिंडाबा, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळची अणुभट्टी. जगाला लागणारं बहुतेक मॉलिब्डेनम-९९ अशा थोड्याच ठिकाणी युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे केंद्रक तुटण्यातून, निघतं. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करूनही ते बनवलं गेलंय. अणुभट्टीच्या आतलं चित्रीकरण आमच्याकडे नाही. आमच्याकडे एक फळा आहे, आणि खरं सांगायचं तर गोष्टही तिथेच आहे.

[दृश्य: गणेशखिंड. विद्यापीठाचा परिसर, झाडांतून जाणारा रस्ता. वर्गखोली. हिरव्या फळ्यावर खडू.]

ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मूळची बार्शीची. विखंडनाचं संगणकीय मॉडेल हा तिचा विषय. फळ्यावर तिनं तुटलेल्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख काढलाय: दोन शिखरं आणि मध्ये खोल दरी.

युरेनियम-२३५ च्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरला की वस्तुमान होतं २३६. केंद्रक ताणलं जातं, मधोमध बारीक होतं आणि तुटतं. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रित्झ स्ट्रासमान यांना युरेनियमच्या नमुन्यात बेरियम सापडलं, आणि ते चक्रावले. अर्थ लावला तो देश सोडून स्वीडनला गेलेल्या लीझ माइटनर यांनी, भाचा ओटो फ्रिश याच्या साथीनं. केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब, हे चित्र त्यांनी वापरलं. १९३९ मध्येच नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी थेंबाचं गणित पक्कं केलं. (नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. त्यावर बोलायचं तर वेगळी फिल्म लागेल.)

आता थेंब तुटला तर सारखे दोन भाग व्हायला हवेत. ११८ आणि ११८.

[दृश्य: ती दरीच्या तळाशी खडूनं गोल करते.]

तसं होत नाही. एक तुकडा १४०च्या आसपासचा, दुसरा ९५च्या आसपासचा. ११८ वस्तुमानाचा तुकडा दहा हजार विखंडनांत एखाददुसरा. आणि ९९, म्हणजे आपलं मॉलिब्डेनम? शंभर विखंडनांमागे सुमारे सहा.

सकाळी त्या कुपीत आलं ते या सहामधलं. युरेनियम सरळ निम्म्यावर तुटत असतं, तर रुग्णालयाच्या तळघरात ही कुपी भरलीच नसती. हे वाक्य मला निवेदनात दोनदा हवं होतं, एडिटरनं एकदाच ठेवलं.

पण असमान का? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात कवचांमध्ये बसतात, हे १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी आणि स्वतंत्रपणे हान्स येन्सन यांच्या गटानं दाखवलं. ५० प्रोटॉन किंवा ८२ न्यूट्रॉन झाले की कवच भरतं आणि केंद्रक फार घट्ट होतं. तुटताना जड तुकडा आपली भर आधी करून घेतो, उरलेलं हलक्याच्या वाट्याला. १९६७ मध्ये स्ट्रुटिन्स्की यांनी थेंब आणि कवचं एकाच हिशेबात आणायची रीत दिली. ट्रॉम्बेला राजा रामण्णा आणि त्यांचे सहकारी याच कोड्याच्या मागे होते. तरी पूर्ण उलगडा झाला नव्हता. जड तुकड्यात नेमके ५० प्रोटॉन न सापडता ५२ ते ५६ का सापडतात? त्याचं एक पटणारं उत्तर मिळायला २०१८ उजाडलं: तुटण्याच्या क्षणी तुकडा नासपतीच्या आकाराचा असतो, आणि त्या आकारात ५२ आणि ५६ हे आकडे अधिक स्थिर ठरतात.

[दृश्य: लॅपटॉप. केंद्रकाचे बदलते आकार, त्यामागे रंगीत डोंगर-दऱ्यांचा नकाशा.]

असे लाखो आकार घ्यायचे, प्रत्येकाची ऊर्जा काढायची आणि केंद्रक कोणत्या खिंडीतून खाली उतरतं ते पाहायचं. लॅपटॉपवर दिसतंय ते नमुन्यापुरतं. मोठा रन रांगेत लागतो.

मोठ्या गणनेचं पुण्याला अप्रूप नाही. महासंगणक बनवणारी सरकारी संस्था सी-डॅक १९८८ ला इथेच सुरू झाली, १९९१ ला तिचा 'परम ८०००' इथेच उभा राहिला. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. सी-डॅकच्या यंत्रांवर प्रथिनांच्या घड्या आणि जनुकांचे क्रमही सोडवले जातात. अणुकेंद्रक आणि पेशी, दोघांच्या संशोधकांना महासंगणकाची एकच रांग परिचयाची.

[दृश्य: पडद्यावर न्यूट्रॉनच्या वाटा. हिरव्या रेघा, वाकड्यातिकड्या, काही मध्येच संपणाऱ्या.]

दुसरा धागा मॉन्टे कार्लो पद्धतीचा. १९४६ मध्ये आजारातून उठलेले स्टानिस्लाव उलाम पत्त्यांचा पेशन्स खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजली तर? तीच युक्ती त्यांनी आणि जॉन फॉन नॉयमन यांनी न्यूट्रॉनला लावली. १९४८ मध्ये एनियॅक संगणकावर ती चालली, त्या आज्ञावलीच्या कामात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता.

ही प्रत्येक रेघ म्हणजे एका न्यूट्रॉनचं आयुष्य. किती अंतर जाईल, कशावर आदळेल, उसळेल की गिळला जाईल, हे प्रत्येक टप्प्यावर एक यादृच्छिक आकडा ठरवतो. विखंडन झालं तर सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन, आणि पुन्हा तोच खेळ.

[दृश्य: त्याच रेघा हळूहळू विरतात. त्यांच्या जागी रुग्णाच्या छातीचा सीटी, त्यावर डोसचे रंगीत पट्टे.]

युरेनियम काढा, माणसाची फुप्फुसं ठेवा. न्यूट्रॉनऐवजी फोटॉन सोडा. गणिताचा साचा तोच राहतो. रेडिओथेरपीत किरणांचा डोस गाठीत किती आणि शेजारच्या हृदयात किती, हे काटेकोरपणे काढायला आज हीच पद्धत प्रमाण मानली जाते. 'जियांट-४'सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लागतो तो शिकवणारा आणि रांगेतला वेळ, आणि आमच्या विद्यापीठांत या दोन्हींची चणचण आहे.

[दृश्य: बातम्यांचे जुने मथळे, झपाट्यानं.]

२००९ आणि २०१० मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्समधल्या जुन्या अणुभट्ट्या दुरुस्तीसाठी बंद राहिल्या, आणि जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले. विखंडनातून मॉलिब्डेनम काढलं की किरणोत्सर्गी कचरा उरतो, तोही सांभाळावा लागतो.

[दृश्य: भौतिकशास्त्र विभाग. यंत्राची जुनी छायाचित्रं, नळ्या, चुंबक.]

अणुभट्टीशिवाय मॉलिब्डेनम? वाट आहे. मॉलिब्डेनम-१०० वर जोरकस गॅमा किरण मारले की एक न्यूट्रॉन उडतो आणि ९९ उरतं. या विभागात रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देणारा प्रवेगक, उभारला गेला. त्यातल्या इलेक्ट्रॉनपासून गॅमा आणि गॅमापासून न्यूट्रॉन मिळवण्याची गणितं आणि प्रयोग इथे झाले. पण त्याची ऊर्जा ६ एमईव्हीची (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची), आणि मॉलिब्डेनम-१०० मधला न्यूट्रॉन सुटायला किमान ८.३ लागतात. पुरेसं उत्पादन हवं तर तीसच्या वरच.

[दृश्य: विद्यार्थिनी लॅपटॉपवर. "सर, पस्तीसला टाकू का?" आवाज, कॅमेऱ्याबाहेरून: "टाक. टार्गेटची जाडी बदलून दोन्ही कर."]

ती ३५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन झोत गृहीत धरून रन लावतेय. असा प्रवेगक विभागाकडे नाही. तो मिळाला तर लक्ष्य किती जाड असावं, ते किती तापेल आणि आठवड्याला किती जनरेटर भरतील, एवढं उत्तर तिच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात येईल.