गाणारा मधोमध बसला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

घरात स्टिरिओ आहे, दोन चांगले स्पीकर आहेत, पण त्यातला एक शोकेसच्या वरच्या फळीवर आणि दुसरा सोफ्याच्या मागे, जिथे जागा मिळाली तिथे. असं चित्र मी कितीतरी घरांत बघतो आणि मला मनापासून वाईट वाटतं. कारण पैसे दोन स्पीकरांचे गेलेले असतात आणि ऐकू एकाच स्पीकरचं येतं.

दोन स्पीकर कशासाठी? आवाज मोठा व्हावा म्हणून नव्हे. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या मुळाशी साधी गोष्ट होती. आपल्या दोन कानांना एकच आवाज किंचित वेगळ्या वेळी, किंचित वेगळ्या जोराने पोचतो आणि त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन स्पीकरांतून तोच फरक कानांपर्यंत नीट पोचवला, तर समोरच्या रिकाम्या भिंतीपुढे गाणारा बसलेला जाणवतो. तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, गळा बरोबर मध्ये.

तुम्ही हे भाषण दोन स्पीकरांवर ऐकत असाल तर आत्ताच पारख करा. बोलणारा मी एकटा, त्यामुळे दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज येतोय. मग तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून आला पाहिजे. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकाही या परीक्षेला उत्तम, कारण त्या मोनोच आहेत, म्हणजे डाव्या-उजव्याचा फरक न ठेवता मुद्रित झालेल्या. आवाज एका बाजूला ओढला जात असेल तर दोष जागेचा किंवा बॅलन्सच्या बटणाचा. पण आवाज पसरट, पोकळ, नेमका कुठून येतो ते कळेना, आणि डग्ग्याचा खर्ज गायब असेल, तर आधी वायर तपासा. बहुधा एका स्पीकरची टोकं उलटी लागलेली आहेत.

उलट जोडणीने काय होतं? एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून अँप्लिफायरच्या लाल टोकाची वायर स्पीकरच्या लाल टोकालाच, काळी काळ्यालाच, दोन्ही बाजूंना. जोड-वायरच्या एका अंगाला बहुतेक वेळा रेघ किंवा वेगळा रंग असतो, तो धरून चाला. स्पीकरवरच्या खुणाच पुसल्या असतील तर वायर अँप्लिफायरपासून पूर्ण सोडवा, समोरची जाळी काढा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरच्या टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या गोलाचा पडदा पुढे उचलला, तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लसचं. क्षणभरच टेकवायचं, धरून ठेवायचं नाही.

जोडताना अँप्लिफायर बंद हवा. वायर अर्धा इंचच सोला, तांब्याच्या बारीक तारांना घट्ट पीळ द्या आणि एकही तार शेजारच्या टोकाला शिवत नाही ना, हे उजेडात बघा. केसाएवढी एक तार शिवली तरी अँप्लिफायर जळू शकतो. आणि हजारो रुपयांच्या केबलच्या मागे लागू नका. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.१२ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. बाल्कनीसाठी आणखी एक जोडी समांतर लावायची असेल तर मात्र थांबा. आठ आणि आठ मिळून चारच ओहम उरतात, आणि ओहम जितके कमी तितका अँप्लिफायरवर ताण जास्त. अँप्लिफायरच्या पाठीवर किमान किती ओहम लिहिलेत ते वाचल्याशिवाय लावू नका.

आता जागा. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांत सारखं अंतर हवं. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटी भिंतीपुढे स्पीकर मांडा, दोघांत सहा फूट ठेवा आणि त्यांची तोंडं भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या. तुम्हीही प्रत्येकापासून सहा फुटांवर बसा. तुमच्या मागे पावणेपाच फूट उरतात, ते चांगलंच. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर बारा फुटांच्या त्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज ऐकूच येत नाही. पाठ भिंतीला टेकवलीत तर तोच नको इतका घुमतो.

अंतर डोळ्यांनी ठरवू नका, टेप लावून मोजा. आवाजाला एक फूट जायला सेकंदाचा जवळजवळ हजारावा भाग लागतो, आणि एवढा फरक गळा जवळच्या स्पीकरकडे ओढून न्यायला पुरतो.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर काढणारा लहान गोल, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला हवा, जमिनीपासून साधारण तीन ते सव्वातीन फूट. शोकेसवरचा स्पीकर छताला गाणं ऐकवत असतो, त्याला खाली आणा, दणकट तिपाईवर ठेवा. कोपरा टाळा. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. तो फुगलेला आवाज पहिल्या दिवशी भारदस्त वाटतो, पण तानपुऱ्याचा खरज त्यात बुडून जातो.

मग उरतात आपल्या गुळगुळीत फरश्या आणि उघड्या भिंती. स्पीकर आणि तुम्ही यांच्या मध्ये एक जाड सतरंजी अंथरा. बाजूच्या भिंतीसाठी घरातल्या कोणाला तरी आरसा धरून भिंतीलगत सरकायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल, तिथेच आवाज आपटून तुमच्याकडे येतो. तिथे जाड पडदा सोडा किंवा पुस्तकांचं कपाट सरकवा. दुसऱ्या भिंतीलाही तसंच.

शेवटी स्पीकर किंचित आत वळवा, त्यांची तोंडं तुमच्या खांद्यांकडे होतील इतके. एक ओळखीचं गाणं लावा आणि बोट-बोट सरकवत गळा मध्ये येईपर्यंत थांबा. घाई करू नका, एखादी संध्याकाळ जाईल. जागा सापडली की तिपाईच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीने खुणा करा, म्हणजे केर काढताना सरकलेला स्पीकर पुन्हा तिथेच ठेवता येईल.

नमस्कार.