हिरवं माळरान सोडून डोंगराकडे

श्रोतेहो, नमस्कार.

केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग हा मसाई गुराख्यांचा मुलूख. टांझानियात गोरोंगोरो आणि सेरेंगेटीच्या मधलं माळरान साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत कोवळ्या, आखूड गवतानं भरून जातं. ज्वालामुखीच्या राखेची ही जमीन, त्यामुळे गवतात क्षार भरपूर. दुभत्या गाईला याहून चांगला चारा त्या भागात नाही. आणि नेमक्या त्याच वेळी मसाई आपली गुरं तिथून काढून डोंगरउतारावर नेतात.

कारण आहे विल्डबीस्ट, म्हणजे तिथलं गाईसारखं दिसणारं मोठं हरीण. त्याचे रानटी कळप त्याच माळावर वितात. त्यांच्या पिल्लांच्या नाका-डोळ्यांतल्या पाण्यातून एक विषाणू गवतावर पसरतो. विल्डबीस्टला त्याचा त्रास होत नाही, पण गाईला मोठा ताप भरतो, डोळे पांढुरके होतात, नाकातून घट्ट स्राव वाहतो आणि आजारी पडलेलं जनावर सहसा वाचत नाही. औषध नाही. पिल्लं तीन-चार महिन्यांची होईपर्यंत लांब राहायचं, एवढाच उपाय. मसाई मनाला येईल तिकडे भटकतात असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा.

पण डोंगराकडच्या ओल्या, उंच गवतात गोचीड असते. तिच्यापासून होणाऱ्या तापाला मसाई ओल्टिकाना म्हणतात. अनुभवी गुराखी वासराच्या कानाखाली हात घालतो. तिथली गाठ सुजलेली लागली की समजावं. पुढे फुप्फुसात पाणी भरतं, नाकातून फेस येतो. आता यावर लस आहे: कानाजवळ कातडीखाली रोगाच्या जिवंत जंतूंचं एक मिलिलिटर आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध. एकदा टोचली की सहसा पुन्हा लागत नाही. पण औषधाची मात्रा ठरवताना वासराचं वजन कमी धरलं तर औषध अपुरं पडतं आणि लशीनंच वासरू आजारी पडतं. लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढून पातळ केली की काही तासांतच संपवावी लागते. म्हणून आसपासच्या वस्त्यांची वासरं एका दिवशी एकत्र आणतात.

दूध काढणं बायकांचं काम आणि दुधावरचा हक्कही त्यांचाच. आधी वासरू सोडतात, गाय पान्हवते, मग एका बाजूला बाई धार काढते आणि दुसऱ्या बाजूला वासरू पीत राहतं. दुष्काळात घरासाठी जास्त दूध काढलं की वासरू खंगतं. दूध लांबट भोपळ्याच्या तुंब्यात ठेवतात. रानऑलिव्हची काठी पेटवायची, निखारा झालेलं टोक तुंब्यात घालून आतल्या भिंतींवर घासायचं आणि राख झटकून टाकायची. त्या धुरानं तुंबा निर्जंतुक होतो, दुधाला वास येतो आणि ते आंबूनही दिवसेंदिवस पिण्याजोगं राहतं.

सगळी गुरं एका ठिकाणी न ठेवणं ही या लोकांची विमा-योजना. मित्राला गाय दिली की दोघं एकमेकांना नावाऐवजी ‘पाकिटेंग’ म्हणतात. एका भागात पाऊस चुकला किंवा साथ आली, तरी दुसरीकडे आपलं काही शिल्लक असतं. 1890च्या सुमारास बुळकांडी या गुरांच्या रोगानं मात्र ही तजवीजही मोडली, कारण साथ सगळीकडेच होती. गुरं गेली, पाठोपाठ देवीची साथ आणि उपासमार आली. मसाई या काळाला ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सर्वनाश.

त्या दुबळ्या अवस्थेतून जेमतेम सावरत असतानाच ब्रिटिशांनी 1904 आणि 1911च्या करारांनी त्यांच्याकडून उत्तरेकडची उत्तम कुरणं घेतली. लायकिपियाचं पठार त्यातलंच. 1913 मध्ये मसाईंनी कोर्टात दाद मागितली, पण दावा फेटाळला गेला. पुढे 1959 मध्ये सेरेंगेटीतूनही त्यांना हलवलं. हा अन्याय आजवर पुसला गेलेला नाही.

केनियात नंतर सामाईक जमिनींचे तुकडे झाले, कुंपणं आली. शंभर एकरांच्या तुकड्यात पाऊस पडेलच असं नाही, आणि वीस मैलांवर पडला तरी गुरं तिथवर पोचत नाहीत. साहिवाल वळूंपासून पैदा केलेली संकरित जनावरं दूध-मांस जास्त देतात, पण त्यांना पाणी आणि चाराही जास्त लागतो. मसाई मारा भागात म्हणून काही जमीनमालकांनी आपापले तुकडे पुन्हा एकत्र आणले आहेत. पर्यटनाचं भाडं घ्यायचं आणि कुरणाचे भाग पाळीपाळीनं चरायला खुले करायचे, अशी तिथली व्यवस्था आहे.